नाकमिस्त्री

"बाजूला व्हा, बाजूला व्हा, त्यांना हुंगू द्या," शिंपीकाका म्हणाले. बाजूला व्हायला दुसरं कोणीच नव्हतं. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसलेली ताई, तीही पाच पावलं लांब.

बॅटरीमिस्त्री काकांच्या गाडीच्या उघड्या बॉनेटवर वाकला. डोळे मिटले, नाक फुलवलं. लोक त्याला नाकमिस्त्री म्हणायचे ते याचसाठी. मीटर लावायच्या आधीच तो सांगायचा, हिचं पाणी आटलंय, हिचा एक कप्पा मेलाय, हिला काही झालेलं नाही, तुमची वायर ढिली आहे. मग मीटर लावायचा, आणि मीटर तेच सांगायचं.

आत्ताही तो हुंगत होता आणि

(हवा आत गेली. हवा बाहेर आली. गार होती. बस.)

"जीव आहे अजून," तो म्हणाला.

"सकाळपासून नुसती टकटक करतेय हो. मी तर म्हटलं, गेली."

"तो आहे म्हणतोय ना, मग आहे," ताई खुर्चीतून म्हणाली. "त्याच्या नाकावर आमचं घर चालतं, काका."

मीटर लावलं. आकडा खाली होता, पण अगदीच तळाला नव्हता. आता काचेची नळी घेऊन एकेका कप्प्यातलं ॲसिड तपासायला हवं होतं. एखादा कप्पा बाकीच्यांपेक्षा पडलेला असेल, तर तो नळीत लगेच दिसतो. त्यानं नळीकडे पाहिलं. काका त्याच्याकडे पाहत होते. नाकमिस्त्रीनं नळी घेतली असती, तर त्यांनी विचारलंच असतं, आज काय, सर्दी?

"चार्जिंगला लावतो," तो म्हणाला. "दुपारी या."

*

थंडीत ताप येऊन गेला. जाताना काहीतरी घेऊन गेला.

सकाळच्या चहाचा (      ).

वाळून खडखडीत झालेल्या चादरीचा (      ).

ताईच्या डोक्याच्या तेलाचा, जो तिच्याआधी खोलीत यायचा, (      ).

डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाही येणार.

स्वप्नात मात्र यायचा. म्हणून तो लवकर झोपू लागला. स्वप्नात एक लांबलचक गल्ली होती आणि प्रत्येक दार किलकिलं. एका दारातून ओल्या पाटीचा वास, एकातून नुकताच रंधा मारलेल्या लाकडाचा. एका दाराशी तो नेहमी थबकायचा. आत आईचे हात होते, भांडी घासून पदराला पुसलेले. कडीला बोट लागलं की जाग यायची. खाली उशी. उशीला कशाचाच वास नाही.

ताईला त्यानं सांगितलं नव्हतं. हे दुकान आधी बाबांचं. बॅटरी फुटून बाबांचा एक डोळा गेला, तेव्हा ताई शाळेत होती. पुढे त्यानं ते पुन्हा उघडलं तेव्हा तिनं एकच अट घातली: "ज्या दिवशी तुझं नाक चुकेल, त्या दिवशी शटर खाली. मला भाऊ हवा, दुकान नको."

आणि दुकानाशिवाय आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

*

"दूध करपलं," ताई म्हणाली.

"हं?"

"अरे, शेगडीशेजारीच बसला होतास! अख्खी आळी नाकाला पदर लावून बसलीय, आणि राजे पेपर वाचतायत."

"विचारात होतो."

"कसला, लग्नाचा? आरशात बघ. आणि तो शर्ट काढ आधी, घामानं उभा राहील आता आपला आपण. म्हणे नाकमिस्त्री!"

तो हसला. शर्ट बदलून आला.

*

दुपारची मागची खोली. चार्जर गुणगुणत होता. वरच्या झरोक्यातून उजेडाची एक पट्टी आली होती आणि तिच्यात धूळ सावकाश चढत होती. स्टुलावर बसून तो तिच्याकडे बघत होता. आधी चार्जरचं बटण बंद, मग चिमटा काढायचा, हे त्याला झोपेतही पाठ होतं. पण आत्ता तो झोपेत नव्हता, आणि जागाही नव्हता.

"झालं का, मिस्त्री?" काका दारातून म्हणाले.

"झालंच." हात उठला आणि सरळ चिमट्याकडे गेला.

"इथे अंडंबिंडं नासलंय का हो?"

हात थांबला. बोटं चिमट्यावर होती.

आता त्याला दिसलं. बॅटरीच्या दोन्ही कडा गाल फुगवल्यासारख्या बाहेर आल्या होत्या. हातमोज्यातून धग लागत होती. एक कप्पा मेलेला होता आणि त्याच्यापायी बाकीचे तापून उकळत होते. सगळी खोली पेट घेणाऱ्या वायूनं भरली होती. चालू चार्जरचा चिमटा ओढला की ठिणगी. एवढंच पुरलं असतं.

त्यानं चिमटा दाबला नाही. एकेक बोट उचललं.

"काका, मागे वळा आणि बाहेर चला. पळू नका. पंखा नको, दिवा नको, कशालाच हात लावू नका. ताई, मेन!"

मेन शटरपाशी होता. ताईनं तो खाली ओढला. गुणगुण थांबली.

*

तिघं रस्त्यावर उभे राहिले. खोली रिकामी व्हायची वाट बघायची, बॅटरी गार व्हायची वाट बघायची, दुसरं काही करायचं नसतं. समोरून एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन गेला. वरच्या गॅलरीत कोणी चादर झटकत होतं. सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं.

"काय भयंकर वास हो!" काका म्हणाले. "तुम्हाला तर केव्हाच आला असेल."

मिस्त्रीनं तोंड उघडलं.

"आला ना," ताई म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला बाहेर काढलं." तिनं भावाकडे पाहिलं नाही.

काका दुसरी बॅटरी बसवून घेऊन गेले. मग बराच वेळ ताई गुडघा चोळत बसली.

"कधीपासून?"

"तापापासून."

"म्हणजे ते दूध..."

"हो."

"आणि मी मेली शर्टावरून बोलत बसले."

"शर्टाचं खरंच होतं ना?"

"खरं होतं रे," ती म्हणाली, आणि दोघंही हसले, आणि मग ती रडली, थोडंसंच, तोंड वळवून.

"शटर ओढू?" त्यानं विचारलं.



*

सकाळी शटर वर होतं. ताईनंच उघडलं होतं.

मोटार शिकवणाऱ्या बाई गाडी घेऊन आल्या. "हुंगा बघू पटकन, शिकाऊ मंडळी खोळंबलीत."

"बाई, माझं नाक गेलंय," तो म्हणाला. मोठ्यानं म्हटल्यावर ते वाटलं होतं त्याहून लहान वाक्य निघालं. "यापुढे मीटर आणि नळी. वेळ लागेल."

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "अगंबाई. मग आता हुंगणार कोण?"

खुर्ची करकरली. ताई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि गाडीपाशी आली. त्यानं ॲसिड उडू नये म्हणून घालायचा स्वतःचा चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला, पट्टा अंबाड्याखालून घेऊन घट्ट केला. ती वाकली, फुलावर वाकावं तशी.

"एवढं जवळ नको. लांबूनच. हातानं हवा आपल्याकडे ओढ."

ताईनं तळहात हलवला, अगदी सावकाश, कोणाला तरी जवळ बोलवावं तसा. ती बोलवत राहिली. आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, कोण येतंय ते कळावं म्हणून.