दहा सेंटिमीटर जास्त

मित्रांनो, मी मोजायचा एक जुना पोलादी टेप आहे. माझ्या मालकिणीचे वडील गवंडी. त्यांच्या कमरेला मी अठरा वर्षं लटकलो. एकदा माझं टोक दगडाखाली सापडून तुटलं, पण त्यांनी मला टाकलं नाही. दहाच्या खुणेवर नवी पकड ठोकली आणि लेकीला बजावलं, "बाळा, याच्या मापातून दहा वजा करायचे. विसरलीस तर भिंत वाकुल्या दाखवेल."

लेक बांधकाम व्यवस्थापन शिकायला कॉलेजात गेली, तेव्हा मीही तिच्या पिशवीतून गेलो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिच्या गटाला कॉलेजचंच अर्धवट वसतिगृह मिळालं. उरलेल्या कामाचं वेळापत्रक आखायचं आणि ते काम करवून घ्यायचं. चार महिने ती धुळीत उभी राहिली. मला मजल्यामजल्यावर ताणलं, रोज पुसून ठेवलं. गटाचा म्होरक्या, ज्याला सगळे 'लीडर' म्हणत, सावलीत बसून स्वतःचे फोटो काढून घेत असे.

मग अहवाल छापून आला. मुखपृष्ठावर तीन नावं होती. तिचं नव्हतं.

"अगं, तू तर नुसता टेप धरलास," लीडर म्हणाला. "आभारात टाकलंय की तुला!"

ती प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेली. "तुमचं तुम्ही मिटवा," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या. माझं पोलाद आतल्या आत तापलं.

त्याच आठवड्यात खिडक्यांच्या चौकटींची मापं सुताराला द्यायची होती. लीडरनं मला तिच्या टेबलावरून उचललं.

"थांब, त्याचं माप..."

"टेप कसा धरायचा, हे तू मला शिकवणार?"

ती गप्प बसली. मीही.

आठ खिडक्या मोजल्या. प्रत्येक वेळी मी दहा सेंटिमीटर जास्त दाखवले, आणि खोटं कशाला सांगू, मला मजा आली.

तोंडी परीक्षा वसतिगृहातच झाली. लीडर नव्या शर्टात आला होता. सुतारानं पहिली चौकट उचलली, खिडकीला लावली, तिरपी करून पाहिली, खाली ठेवली.

"साहेब, चौकट खिडकीत बसवायची की खिडकी चौकटीत?"

"मापं कुणी घेतली?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"मी... म्हणजे, सर, हा टेपच बिघडलाय!"

परीक्षकांनी मला हातात घेऊन निरखलं. "हा तर दहापासून सुरू होतो. चार महिने हाच वापरलात ना? मग आधीची सगळी मापं बरोबर कशी?"

लीडर नव्या शर्टाची कॉलर सारखी करू लागला. मागून ती म्हणाली, "ती मी घेतली होती, सर. दहा वजा करून."

अहवाल पुन्हा छापला गेला, तिचं नाव सगळ्यांत वर. लीडरला अख्खं वर्ष पुन्हा करावं लागलं. कुणी हळहळलं असेल, मी नाही.

सुताराची चार दिवसांची मेहनत मात्र फुकट गेली होती. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याकडे गेली. "काका, मी सांगू शकले असते. चुकले," म्हणाली आणि आठही खिडक्या त्याच्यासमोर नव्यानं मोजून दिल्या.

म्हणून मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू विचारून घ्या, आणि कुणी तिच्याबद्दल सांगत असेल तर शेवटपर्यंत ऐका. आम्हाला पुसून, जपून ठेवा. माझी मालकीण माझ्यापेक्षा भली आहे. मी अजून माफ केलेलं नाही. लीडर दिसला की माझी पट्टी सपकन आत जाते, आणि मध्ये त्याचं बोट असावं, असं मला वाटतं.