डावीकडचा बैल

वच्छलेनं आपला लग्नातला शालू मधोमध टर्रकन फाडला, तेव्हा तिचा नवरा सोमाजी दारातच थबकला.

"काऊन वो, डोस्कं फिरलं का तुझं?"

"दोन झुली लागतेत. बैल दोन आहेत ना!"

बैल म्हणजे ती स्वतः आणि शेजारची नीला. आरमोरीजवळच्या त्यांच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं लाकडी नंदी घेऊन तोरणाखाली येतात, आणि लेकरांचं आटोपलं की महिला मंडळाची वेशभूषा स्पर्धा असते. मागल्या साली वच्छला देवी बनून एकटीच उभी राहिली होती. माईकसमोर तोंडातून शब्द फुटेना, पुठ्ठ्याचा मुकुट घसरून नाकावर आला आणि सारं गाव पोट धरून हसलं. पुढं होळी आली तरी पोट्टे तिला पाहून नाकावर हात ठेवायचे. यंदा मेली तरी उभी राहणार नाही, असं तिनं ठरवलं होतं.

तिला भरीला घातलं ते नीलानं. "आपण बैलजोडी होऊ, वच्छे. लोकं हासतीन तं दोघींवर हासतीन. मी आहो ना संगं!"

"नक्की ना, नीले? एकटी मी पुन्हा जात नाई. मले सोसत नाई ते."

"तुझी आण."

आता आणच घेतली म्हटल्यावर काय बोलायचं? वर्षानुवर्षं दोघी एकाच बांधीत, चिखलात शेजारी वाकून धान रोवत आलेल्या. तिच्यावर नाही तर मग कुणावर विश्वास ठेवायचा माणसानं?

मग काय विचारता! घरातली एक वस्तू सुखरूप राहिली नाही. पाखडायच्या सुपांना गेरू फासून बैलांची तोंडं झाली. पावडरच्या डब्यांची झाकणं डोळे म्हणून चिकटली, झिजलेल्या चपलांचे तळवे कान म्हणून शिवले. मोडक्या छत्र्यांच्या वाकड्या मुठींना चॉकलेटची चांदी गुंडाळली, झाली शिंगं! शेपट्यांसाठी केरसुणी उसवली, तेव्हा मात्र सोमाजीनं कपाळावर हात मारला. पण बांबूचं हलकं जू त्यानंच करून दिलं. नीला चार बोटं बुटकी, म्हणून जुवाच्या डाव्या टोकाखाली वच्छलेनं चिंध्यांची गादी शिवली. जू सरळ बसावं आणि नीलाच्या खांद्याला रुतू नये, एवढाच तिचा हेतू.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. बैलांचे खांदे वर्षभर जू ओढतात, म्हणून त्या दिवशी पळसाच्या पानानं त्यांना हळद-लोणी लावून शेकतात. सोमाजी गोठ्यात तेच करत होता. नीलानं त्याच्याच वाटीत बोटं बुडवली आणि वच्छलेच्या खांद्याला फासली. "वजन पेलाचं आहे माय, खांदा मऊ पाह्यजे!" वच्छलेनंही तिला माखलं. दोघी हसून हसून बेजार झाल्या. जाताना नीला आपली झूल घेऊन गेली. "घरी घालून पाह्यतो," म्हणाली.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी वच्छला शाळेच्या मागं जू धरून उभी राहिली. नीला येईना. लेकरांचे नंदी बक्षिसं घेऊन घरी निघाले, तरी येईना. ताप तर नाही आला बिचारीला, म्हणून वच्छलेचा जीव खालीवर व्हायला लागला.

तेवढ्यात स्पर्धेची नावं पुकारणारा दिनेश माईकवर ओरडला, "आता येऊन राह्यली राणी, आपल्या दासीसंगं!"

राणी म्हणजे पाटलांची सून चंचल. चंद्रपूरहून भाड्यानं आणलेला चमचम घागरा, डोक्यावर मुकुट. आणि मागून पंखा हलवत येणारी दासी होती नीला. सिंहासन म्हणून प्लास्टिकची खुर्ची मांडली होती, आणि त्या खुर्चीवर वच्छलेचा अर्धा शालू अंथरला होता.

वच्छलेनं तो लांबूनच ओळखला. अगं, सांगायचं तरी! सकाळी सांगायचं, कुंपणावरून ओरडून सांगायचं. हिच्या भरवशावर सोन्यासारखा शालू फाडला, अन् ही तो दुसरीच्या बुडाखाली घालते? आण घेतली होती ना रांडेनं?

"आता बैलजोडी!" दिनेशनं पुकारलं.

शाळेमागून घरी जायला वाट होती. वच्छलेनं तिकडं पाहिलंही. पण अंगात असा संताप उसळला होता, की भीतीला जागाच उरली नाही. तिनं एक सूप तोंडाला बांधलं, दुसरं जुवाच्या डाव्या टोकाला लटकवलं आणि निघाली. जू एका अंगाला कलंडायचं, बांबू खांद्यात करकचायचा. लोक खिदळायला लागले.

"काकू, जोडी म्हटलं तं दुसरा बैल कुठी आहे?" दिनेशनं विचारलं.

वच्छलेनं तोंडावरचं सूप वर केलं. यंदा शब्द अडला नाही.

"तो का तिथी, खुर्चीमागं! चंचलले वारा घालून राह्यला. त्याची झूल पाहा, खुर्चीवर आहे."

सारं गाव वळून नीलाकडं पाहायला लागलं. मग असा हशा उसळला, की नीलाचा पंखा हातातच थांबला. तो हशा वच्छलेला हवा होता. आला तेव्हा मात्र तिला रडू फुटलं, म्हणून तिनं सूप पुन्हा तोंडावर ओढलं.

संध्याकाळी नीला दारात आली. काखेत शालूची घडी, हातातल्या पळसाच्या पानावर हळद-लोणी.

"राग नको धरू, वच्छे. पाटलाच्या घरचं माणूस आपणहून बोलावते, नाई कसं म्हणू? तुले सांगाची हिंमतच झाली नाई. खांदा सोलला असंन तुझा. दाखव, लावून देतो."

खांदा सोललाच होता, लुगड्याचा पदरही सोसत नव्हता. वच्छलेनं शालू काढून घेतला. कोपऱ्यातल्या जुवाची गादी कचाकच उसवली आणि नीलाच्या हातात ठेवली.

"खांदा जू चढवाच्या आधी शेकतेत, नीलाबाई. उतरल्यावर नाई."

आजवर तिनं नीलाला कधी बाई म्हटलं नव्हतं. वच्छलेनं सूप मांडीवर घेतलं आणि एकेक डोळा उचकटून काढायला सुरुवात केली, कारण सकाळी तांदूळ पाखडायचे होते.