आवडा म्हणे

आमच्या पडेगावातल्या, माझ्या शेजारच्या साळूला गाणी रचायचा नाद. पोर जेमतेम आठ वर्षांची. सप्ताहात कीर्तनाला माझ्या मांडीला मांडी लावून बसायची. ऐकता ऐकता तिनं एक गोष्ट मनाशी पक्की धरली : अभंगाच्या शेवटी ज्याचं नाव येतं, ते माणूस मरत नाही.

"लोकं अजून म्हणत्यात ना, अमुक म्हणे, तमुक म्हणे? म्हंजी ते अजून बोलत्यात, मावशी."

त्या साली तिची आई, आवडाबाई, औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. पोरीला कुणी सांगितलं नव्हतं, पण घरातल्या थंड चुलीवरनंसुद्धा तिला कळत होतं. तिनं अभंग रचला आणि शेवटी आईचं नाव घातलं. आता तो कीर्तनात झाला पाहिजे, एवढाच हट्ट.

काल्याच्या सकाळी मी तिला बद्रीनाथबुवांकडं नेलं. बुवा फेटा बांधत होते.

"बाळ, कीर्तनात फक्त संतांचं म्हणायचं असतं. माझं स्वतःचंसुद्धा मी म्हणत नाय."

"तुमचं कोण ऐकंल?" साळू म्हणाली. "माझ्या आईचं म्हणा."

टाळकरी खो खो हसले. बुवाही हसले, पण नाही म्हणाले ते म्हणालेच.

कीर्तन रंगलं. गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या, कुणाची शिळी भाकर, कुणाचं आंबट ताक, देवानं सगळं एकत्र कालवलं... इथवर आले आणि बुवा थबकले. माझ्याजवळ मुसमुसणाऱ्या साळूकडं बघत राहिले.

"काल्यात कुणाची शिदोरी माघारी धाडत नसत्यात," ते म्हणाले. "ये बाई. तू सांग, मी म्हणतो."

*आभाळाची चूल, भाकर चांदाची*
*एक बाजू कच्ची राहिली गं*

*ढगाचं मांजर आलं दबकत*
*बसलं चाखत अर्धीमुर्धी*

*आवडा म्हणे हो, मांजरा रे जाय*
*उपाशी ती माय चांदण्यांची*

मृदंग घुमला. अख्खा मांडव म्हणू लागला, "आवडा म्हणे हो..." माझ्या अंगावर काटा आला. असं सुख देवाच्या दारातच.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला, चपलांपाशी, साळूचा बाप रामकिसन दिसला. तो दवाखान्यात असायला हवा होता. मी उठून गेले.

"गेली, आक्का. सकाळीच."

मी बुवांना खूण करायला वळले, तर त्यानं माझा हात धरला. "व्हऊ द्या. तिचं नाव घेत्यात."

गजर संपला तशी साळू धावत आली. "नाना! समद्यांनी म्हणलं! आता आई ऱ्हाईल ना?"

रामकिसन तिथंच चपलांत बसला. तिला जवळ ओढलं.

"मला म्हणून दाव," एवढंच बोलला.

तिनं पहिल्यापासून धरलं, हातानं ताल देत. शेवटच्या कडव्याला थांबली, बापानं नाव घ्यावं म्हणून. त्याचे नुसते ओठ हलले.

"असं नाय," साळू म्हणाली. "मोठ्यानं म्हणा ना, नाना."