मुकादमाशी बोलणं

छापखान्यात चाळीस वर्षं मशीन चालवलं, त्याचं बक्षीस म्हणून कान गेले. डाव्यात काहीच नाही, उजव्यात कानाचं मशीन घातलं तर थोडंफार. त्यामुळे मी मोठ्यांदा बोलतो. लोकांना वाटतं भांडतोय. वाटू दे. तसंही घरात बोलायला आता आहे कोण? ही जाऊन दीड वर्ष झालं. मागे राहिलो मी आणि मुकादम.

मुकादम म्हणजे हिचा कुत्रा. आल्या दिवशी घरभर हुंगत फिरला, एकेका वस्तूपाशी थांबून नाक मुरडलं. आमचा छापखान्यातला मुकादम अगदी असाच होता, म्हणून मीच ते नाव ठेवलं. नाव माझं, पण जीव सगळा तिच्यावर. मला तो भाडेकरू समजायचा.

गेल्या वर्षी नदीकाठी आतषबाजी झाली, तेव्हा मी नेमकं कचरा ठेवायला दार उघडलं आणि हा माझ्या पायांतून सुटला. तिसऱ्या दिवशी मालगाड्यांच्या यार्डात सापडला, पुढचा पाय मोडलेला. "पुन्हा पळाला तर वाचणार नाही," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. आणि आता जिन्यात नोटीस लागली होती. नवीन स्टेडियमचं उद्घाटन, शनिवारी संध्याकाळी सात वाजता, अर्धा तास फटाके. स्टेडियम आमच्यापासून दोन गल्ल्यांवर! हा गेला तर मी घरात शिरल्यावर मान वर करून बघणारं कुणी उरणार नाही. लाज कसली, खरं ते सांगतो.

डॉक्टरीणबाईंनी तीन आठवडे आधीच उपाय दिला होता. फोनमध्ये फटाक्यांचा आवाज भरून दिला. "इतका हळू लावा की जेमतेम ऐकू येईल. सोबत चिकनचा तुकडा द्या. रोज थोडा थोडा वाढवा, म्हणजे सवय होईल." मी शिस्तीचा माणूस. जेमतेम म्हणजे जेमतेम. कानाला अगदी पुसटसं काही लागेपर्यंत आवाज वाढवला, तुकडा पुढे धरला. मुकादम पलंगाखाली शिरला. दुसऱ्या दिवशी तिथेच मुतला. चिकन वाळून गेलं. मी म्हटलं, औषध कडूच असतं, हळूहळू लागू पडेल.

चौथ्या दिवशी शेजारच्या बाई आल्या. शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या, त्यामुळे त्यांचा आवाज माझ्यापर्यंतही पोचतो.

"अहो, तोफा कसल्या डागताय? माझ्या कपाटातल्या बश्या नाचतायत!"

"काहीतरीच काय! मला तर जेमतेम ऐकू येतंय."

"तुम्हाला!" बाई म्हणाल्या, आणि माझ्या कानाकडे बोट दाखवलं.

मी कपाळावर हात मारला. चार दिवस त्या मुक्या जिवाला मी माझ्या कानांनी मापून आवाज देत होतो. सवय कसली, आगीत तेल ओतलं होतं. त्यानंतर मुकादम माझ्या हाताजवळसुद्धा येईना. पाणी मी खोलीतून गेल्यावर प्यायचा.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. "आता ते बंदच करा, घाबरलेल्याला शिकवता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी आधीच फिरवून आणा, मग दारं-खिडक्या बंद, आतली छोटी खोली, आणि कुणीतरी जवळ बसून शांतपणे बोलत राहायचं. पूर्वी काय करायचात?"

पूर्वी काय करायचो? मला माहीतच नव्हतं. फटाके सुरू झाले की ही त्याला घेऊन बाथरूममध्ये जायची आणि आतून कडी लावायची. मी कानाचं मशीन काढून पेपर वाचायचो. एकदा म्हणालीही होती, "तुम्हीपण या की जरा आत." मी म्हटलं, "कुत्र्याला डोक्यावर चढवून ठेवलंयस." पुन्हा म्हणाली नाही.

आमचं आणि बाईंचं बाथरूम एकाच भिंतीला लागून. त्यांना विचारलं, ही आत काय करायची?

"बोलायच्या," बाई म्हणाल्या. "मी मुद्दाम नाही हो ऐकलं. भिंतच तसली."

"त्याच्याशी? काय बोलायची?"

बाईंनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाल्या, "तुमच्याबद्दलच. हे आज दिवसभरात चार वाक्यं बोलले, मुकादम, त्यातलं एक तुला होतं. असं काहीबाही. हसायच्याही. आणि शेवटी दरवेळी म्हणायच्या, जाऊ दे, तू ऐकतोस ना, झालं तर."

मी घरी आलो. तिच्या खुर्चीवर बसलो, पण तिथे बसून काहीच सुचेना, म्हणून उठलो.

शनिवारी पाचलाच मुकादमाला फिरवून आणलं, पट्टा दुहेरी बांधून. दार बंद केलं, किल्ली खिशात घातली. बाथरूममध्ये गादी टाकली, हिची जुनी शाल टाकली. तो शालीवर गेला, माझ्याकडे पाठ करून. मी कडी लावली. कानाचं मशीन या वेळी काढलं नाही.

पहिला बार झाला. मला लांबून धक्का बसावा तसा जाणवला. मुकादम उसळला, दाराला नखं मारू लागला. मी त्याच्या बरगड्यांवर तळहात ठेवला. छापखान्यात मशीन बिघडलं की आम्ही असंच अंगाला हात लावून बघायचो. आत नुसती धडधड. आता बोलायचं. पण काय? बायकोशी जे जमलं नाही, ते कुत्र्याशी कसं जमावं?

"मुकादम," मी म्हटलं, जमेल तितक्या हळू, "ती पहिल्यांदा छापखान्यात आली तेव्हा बोटभर शाई लागली होती तिच्या ओढणीला. माझ्यामुळे."

त्याने कान हलवला. मी पुढे सांगत गेलो. बदल्यात नवी ओढणी कशी घेऊन दिली, पहिली खोली कशी गळायची, ती हसताना तोंडावर हात का ठेवायची. बार होत राहिले. कधीतरी त्याने नखं मारणं थांबवलं आणि डोकं माझ्या मांडीवर टाकलं. तळहाताखालची धडधड हळूहळू बसली. मी बोलत राहिलो.

भिंतीवर टकटक झाली. "संपले हो फटाके!" बाई ओरडल्या. "केव्हाच संपले! बाहेर या!"

"ऐकलं!" मी म्हटलं.

पण कडी काढली नाही. अजून तिच्या आजारपणापर्यंत आलोच नव्हतो.