लाल रेघ

ऐकताय ना? गांबिया नदीवरच्या कोलितेंडा बंदरात, धक्क्याच्या टोकाला पाण्यात उभा आहे, तोच खांब मी. अंगावर फुटांचे आकडे आणि मधोमध एक लाल रेघ. आज मनातलं एकदाचं बोलून टाकतो.

वरच्या जंगलातून मी ओंडका म्हणून आलो. केबा नावाच्या बंदराच्या कारकुनानं मला रोवलं, रंगवलं. भर ओहोटीलाही लाल रेघ पाण्याखाली राहिली, की मोठी आगबोट वरच्या गावांना जायची. धक्क्यावर भुईमुगाच्या शेंगांचे डोंगर पडलेले असत, पण कप्तान आधी माझ्याकडे बघायचा. तेव्हा मी भलत्याच तोऱ्यात होतो.

मग पक्का रस्ता झाला. शेंगा ट्रकनं जाऊ लागल्या, आगबोट बंद पडली. मला कुणी ढुंकूनही विचारेना.

विचारलं ते भात लावणाऱ्या बायकांनी. कोरड्या दिवसांत समुद्राचं खारं पाणी इथवर चढतं. वर पाऊस झाला की नदी फुगते आणि पुन्हा गोड होते. ती गोड झाली का, हे तिदाआजी ठरवायची. सकाळी चूळ भरून नदीचं पाणी जिभेवर घोळवायची, थुंकायची आणि म्हणायची, "अजून थांबा गं." पोरींच्या लक्षात आलं, की आजी 'लावा' म्हणते त्याच सुमारास माझी रेघ बुडते. मग त्या माझ्याकडेच बघू लागल्या. मला परत भाव आला.

एकदा वाळूनं भरलेला पडाव माझ्यावर आदळला आणि मी वीतभर चिखलात खचलो, रेघही तेवढीच खाली गेली. कुणाला कळलं नाही. मला तर बरंच वाटलं. कळलं असतं तर मला उपटून चुलीत घातलं असतं. हेच माझं पाप.

त्या वर्षी रेघ लवकर बुडाली. तिदाआजीची नात जाराय धावतच आली. आजीनं तिला पहिल्यांदाच स्वतःचं खाचर दिलं होतं, आणि जपून ठेवलेल्या सगळ्या बियाण्याची रोपंही.

"आजी, ओहोटीतही रेघ बुडालीय! आजच लावते."

"थांब गं. मला पाणी खारट लागतंय."

"काल दोमोदाच्या कालवणात दोनदा मीठ घातलंस, तेव्हा कुठे गेली होती जीभ?"

बायका खो खो हसल्या. आजीही हसली. "अगं, खांबाला तोंड नाही, पोरी."

"म्हणून तर तो कटकट करत नाही!"

मी सगळं ऐकत होतो. जारायनं दिवसभर कंबर मोडून लावणी केली. सहाव्या दिवशी रोपांची टोकं पांढरी पडली, दहाव्या दिवशी खाचर करपलं.

पुढे नदी खरंच गोड झाली, तेव्हा बायकांनी आपली उरलेली रोपं मूठ मूठ जारायला दिली. अर्धं खाचर कसंबसं लागलं.

त्या संध्याकाळी जाराय धक्क्यावर आली आणि मला टेकून हमसून हमसून रडली.

"खांब कशाला खोटं सांगेल?" ती म्हणाली. "मीच ओहोटी नीट पाहिली नसेल."

तेव्हापासून गावात तिचं नाव पडलं, उतावळी जाराय. आता ती स्वतःहून काहीच ठरवत नाही. बी कधी पेरू, लेकीला शाळेत कधी घालू, सगळं दुसऱ्यांना विचारते. आणि विचारताना मान खाली असते.

मला चुलीत घाला, माझी काही तक्रार नाही. पण तुमच्यापैकी कुणी कधी इकडे आलात, तर तिला एवढं सांगा: पोरी, तू ओहोटी नीटच पाहिली होतीस.