बंदीतला माड आणि नौदलाची डॉक्टरीण

मी माड बोलतोय. मालुकूच्या समुद्रातल्या एका टीचभर बेटावर, चर्चच्या मागे उभा असलेला. जे सांगेन ते अक्षर न् अक्षर खरं, माझ्या शेंड्याची शपथ! आता शेंडा दोन वर्षांपूर्वी विजेनं नेला, ही गोष्ट वेगळी. उंची माझी नव्वद फूट. बरं, साठ धरा.

एलिफास जन्मला त्या दिवशी त्याच्या आजोबांनी मला लावलं. आम्ही दोघं एकाच दिवसाचे. तो चालायला शिकला, मी झावळ्या हलवायला. पुढं तो सासीचा रखवालदार झाला. सासी म्हणजे बंदी. खोडाला कोवळी झावळी बांधली, की पंच सोडवेपर्यंत फळाला कुणी हात लावायचा नाही. चढला तर चर्चच्या अंगणात वेताचे बारा फटके. चढेल त्याला, खाणाऱ्याला नाही.

माणसं एरवी माझ्याकडे वर बघतही नाहीत. सासी लागली, की सगळ्यांच्या माना वर!

अशाच एका सासीत कॉलरा आला. नौदलाची बोट आली, चार खलाशी उतरले आणि मागून एक सव्वीस वर्षांची पोर.

"डॉक्टर मागून येतोय का?" एलिफासनं विचारलं.

"तो कधीच येत नाही, तेते," ती म्हणाली. आमच्याकडे आजोबांना तेते म्हणतात. "दर वेळी मीच येते. लेफ्टनंट सेलफिना मानुहुतू. आजारी माणसं कुठं आहेत?"

चर्चमध्ये तेवीस जण आडवे होते. तिनं बोट आणखी सलाइन आणायला पाठवली आणि कामाला लागली. तिसऱ्या दिवशी बाटल्या संपल्या, गावातली साखर संपली, विहीर तर आधीच नासलेली. समुद्र खवळला आणि बोट तिकडेच अडकली. सेलफिना अंगणात आली आणि तिनं वर पाहिलं. माझ्या अंगावर शंभरेक शहाळी होती. आत स्वच्छ, गोड पाणी. जोडीला चिमूटभर मीठ, बस्स.

"तेते, सासी उठवा."

"पंच लागतात पाच. तिघं आत पडलेत. कोण उठवणार?"

"आत तुमची बायकोही आहे."

आतून म्हातारी मिंत्ये ओरडली, "अहो रखवालदार! मी मेले तर त्या माडाशीच लग्न लावा! जन्मभर त्याच्याकडेच बघत बसलात!"

खलाशांचा म्होरक्या कुजबुजला, "मॅडम, बंदूक दाखवू का?"

"आज बंदुकीला भिऊन शहाळी देतील. पुढच्या खेपेला आपली बोट दिसली, की आजारी माणसं लपवतील."

"मग मी चढतो."

"फटके चढणाऱ्याला बसतात. हुकूम माझा आणि पाठ तुझी होय?"

तिनं बूट काढले. पायात काथ्याचा फास घातला आणि मला मिठी मारली. दहा फुटांवर घसरली, गुडघा सोलला. खाली बायका किंचाळल्या, "नोना, अगं पोरी, उतर!" ती उतरली नाही. अर्ध्यावर वारा सुटला. तेव्हा मी काय केलं? कंबरेतून वाकलो! आख्खा वाकलो आणि शेंडा अलगद तिच्या हाताशी नेला. सगळा गाव साक्षीला आहे.

घडामागून घड दोरानं खाली गेले. खलाशांनी शहाळी फोडली, बायकांनी चमच्या-चमच्यानं पाजली. दुपारी मिंत्येच्या आवाजाला पुन्हा धार आली आणि तिनं नवऱ्याला नव्यानं शिव्या घातल्या. त्या दिवसानंतर त्या साथीत आमच्याकडे एकही कबर खणावी लागली नाही.

रविवारी प्रार्थना संपली. सेलफिनानं गणवेशाची घडी घालून खलाशाच्या हातात दिली, साधं सारोंग नेसली आणि अंगणात गुडघे टेकले.

"गणवेश देशाचा, पाठ माझी. मारा, तेते."

एलिफासनं वेत टेकवल्यासारखा मारला.

"ही माशी हाकललीत. तुमचा नियम मी मोडलाय. तो तसाच मोडका ठेवून मला जायचं नाही."

मग त्यानं मारलं. एकेक फटका. रडत होता तो, ती नाही. बारावा झाला तसा त्यानं वेत टाकला आणि तिच्यापुढे स्वतःच गुडघे टेकले. साठ वर्षांत तो कुणापुढं झुकलेला मी पाहिला नव्हता.

वरच्या कुणा साहेबाला हे आवडलं नाही. अधिकाऱ्यानं खेडुताचे फटके खायचे? तिची बढती चार वर्षं अडली. मग कमांडर झाली, मग कॅप्टन. आणि आता रेडिओनं सांगितलं, सेलफिना मानुहुतू ॲडमिरल झाली. नौदलात इतक्या वर पोचलेली पहिली बाई! ऐकून माझ्या वाळक्या खोडातही काहीतरी सरसरलं.

आज नौदलाची पोरं पाटी घेऊन आली आहेत. पाटीवर लिहिलंय, "याच माडाने वाकून ॲडमिरलना शहाळी दिली." हातोडा उगारलाय. पोरांनो, थांबा जरा. ती थाप मीच वाऱ्याबरोबर गावभर पसरवली होती. मी वाकलो नाही. बोटभरसुद्धा नाही. उलट त्या वाऱ्यात मी तिला गदागदा हलवत होतो. तिच्या वाट्याला एक ताठ, निसरडा, आडमुठा माड आला होता. पाटीवर एवढंच लिहा, की ती चढली.