पस्तीस अंश

रावजी मधपेटीला कान लावायचा तेव्हा त्याचे डोळे आपोआप मिटत, आणि जांभळीच्या मोहोरातून गळणारं पिवळं ऊन त्याच्या सुरकुतलेल्या गालावर हलत राही. मुलांनो, तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. मोखाड्याच्या वाटेवरच्या पाड्यात नागली पिकवणारा, घाई ठाऊक नसलेला माणूस. डोंगराला वणवा लागला त्यात त्याच्या तीन पेट्यांपैकी एकच वाचली. ती त्याने जव्हारला माझ्या परसात आणून ठेवली. आतल्या सातेरी जातीच्या मधमाशांच्या गुणगुणीच्या चढउतारावरून त्याला राणीची खुशाली कळे.

मग एका संस्थेने त्या पेटीत सेन्सर बसवला. "माशांना ताप आला का, ते बघाया?" म्हणून रावजी हसला होता. आतल्या तापमानाचा आकडा माझ्या फोनवर येई. आत पस्तीस अंश असले की वसाहत सुखरूप, असं मला सांगितलं होतं. पेटी उगाच उघडू नये, अशी सूचनाही होती. मी रोज दुपारी बाराला आकडा पाही. माझी शिस्त तुम्हाला माहीत आहेच.

चैत्रात एकदा तो नेहमीपेक्षा बराच वेळ वाकून राहिला.

"बाई, पेटी कण्हते. उघडू का?"

"पस्तीस आहेत, रावजी. राहू दे."

इंग्रजी शिकलेल्या बाईचा शब्द त्याने स्वतःच्या कानापेक्षा मोठा मानला, आणि आठवडाभर रोज तेवढंच ऐकून तो परत जात राहिला.

माशांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या परातीवर एकही माशी दिसेना, तेव्हा मीच पेटीचं झाकण काढायला सांगितलं. पेटी रिकामी होती; पोळ्यांवर मेणकिड्यांची जाळी राखेसारखी पसरली होती. त्याने म्हटलं त्या दिवशी ती साफ केली असती, तर माशा राहिल्या असत्या.

"आकडा खोटा नव्हता," तो खाली बघत म्हणाला. "उन्हाचा ताप होता तो, बाई."

चैत्रातली दुपार रिकाम्या लाकडालाही पस्तिशीला नेते. एकदा तरी पहाटे पाहिलं असतं, तर गारठलेल्या आकड्याने खरं सांगितलं असतं. पेटी खांद्यावर घेऊन रावजी उतार उतरला, आणि मी क्षमा मागण्याआधीच त्या पावसाळ्यात गेला.

तुम्ही सुट्टीत झोपायचात ती माडी दुपारी अजूनही उबदार होते. भिंतीला हात लावून, तुम्ही अजून इथेच आहात असं वाटून मी क्षणभर फसते, मग उमजतं: गेलेल्यांची ऊब काळ मागे ठेवत नाही, ते नुसतं ऊन असतं.